युरो एकच, तरी कॉफीचा भाव नदीच्या दोन काठांवर वेगळा का?

मोझेलकाठ:

नमस्कार. गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त मी जर्मनीतील ट्रियर या शहरात राहतो आहे. शहरातून मोझेल नदीच्या काठाने पंधरा-एक किलोमीटर गेले की झावर नावाची एक छोटी नदी तिला येऊन मिळते, आणि त्या नदीवरचा पूल ओलांडला की देश बदलतो. पलीकडचे गाव म्हणजे लक्झेंबर्गमधले वासरबिलिग. तेथे रस्त्याच्या कडेला पेट्रोल पंपांची रांगच लागते आणि पंपांवरच्या दुकानांत कॉफीच्या पाकिटांच्या थप्प्या रचलेल्या असतात. गावाच्या नावातल्या ‘बिलिग’ या शब्दाचा आजच्या जर्मनमधला अर्थ ‘स्वस्त’ असा आहे. हा निव्वळ योगायोग असावा, पण शनिवारची गर्दी पाहिली की नाव कोणी विचार करूनच ठेवले असे वाटू लागते.

माझा प्रश्न घरच्या हिशेबातून निघाला आहे. एकाच कंपनीच्या, एकाच वाणाच्या दळलेल्या कॉफीचे अर्ध्या किलोचे पाकीट आम्हाला ट्रियरमध्ये ६.९९ युरोंना पडले आणि वासरबिलिगला ५.५९ युरोंना. शांपू, टूथपेस्ट, लहान मुलांचे डायपर यांचे मात्र नेमके उलट आहे. हा माल जर्मन बाजूला इतका स्वस्त असतो की तो घेण्यासाठी पलीकडचे लोक पिशव्या घेऊन आमच्या दुकानांत येतात. महाविद्यालयात आम्हाला शिकवले होते की वाहतुकीचा खर्च आणि जकात सोडली तर एकाच मालाचा भाव दोन ठिकाणी फार काळ वेगळा राहू शकत नाही, कारण व्यापारी स्वस्त जागी घेऊन महाग जागी विकू लागतात. जोवर मार्क आणि फ्रँक वेगळे होते तोवर विनिमय दराची जोखीम हे कारण पुढे करता येत होते. परंतु १ जानेवारी १९९९ रोजी युरो अस्तित्वात आला, १ जानेवारी २००२ पासून त्याच्या नोटा-नाणी लोकांच्या हाती आली, आणि तरीही वीस मिनिटांच्या अंतरावर भाव बदलतोच आहे. मग समान चलनाचा देशादेशांतील किमतींच्या फरकावर नेमका काय परिणाम होतो? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना_हिशेबनीस:

मोझेलकाठ, तुम्ही दोन्ही आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या कॉफीचे कोडे कागद-पेन्सिलीने सुटण्यासारखे आहे. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो असा वेगळा कॉफी-कर आहे. लक्झेंबर्गमध्ये तो नाही. त्यावर जर्मनीत खाद्यपदार्थांना ७ टक्के व्हॅट लागतो, तर लक्झेंबर्गमध्ये केवळ ३ टक्के.

आता ६.९९ मधून ७ टक्के व्हॅट काढा, म्हणजे १.०७ ने भागा, ६.५३ उरतात. अर्ध्या किलोवरचा कॉफी-कर १.०९५ युरो वजा करा, म्हणजे ५.४४ उरतात. पलीकडच्या ५.५९ ला १.०३ ने भागा, ५.४३ येतात. दोन देशांतल्या पाकिटांत कर सोडून उरलेला फरक एक सेंट. तुमच्या पुस्तकातला नियम खोटा नाही, तो करांच्या खाली दबून गेला आहे इतकेच. अर्थात प्रत्येक पाकिटाचे गणित इतके तंतोतंत जुळेल असे मी म्हणणार नाही, आणि खुद्द मलाही उत्तर पाहून थोडे हसू आले.

मग जर्मन व्यापारी ट्रकभर कॉफी तिकडून आणून का विकत नाहीत, असा पुढचा प्रश्न येईल. विक्रीसाठी आणलेल्या मालावर कर भरावाच लागतो, म्हणून आणत नाहीत. सवलत फक्त घरच्या वापरापुरती आहे, आणि जर्मन सीमाशुल्क खाते साधारण १० किलोपर्यंतची कॉफी घरगुती मानते. म्हणून हा फरक बुजवणारा ‘व्यापारी’ म्हणजे तुमच्यासारखा शनिवारी गाडी काढणारा गृहस्थ, आणि त्याच्या डिकीच्या जोरावर ट्रियरच्या दुकानांतले भाव उतरत नाहीत.

जाता जाता सांगतो, जर्मन मुलखात कॉफीवर सरकारची नजर फार जुनी आहे. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७८१ च्या सुमारास लोकांना घरी कॉफी भाजायला बंदी केली होती आणि चोरून भाजणाऱ्यांना पकडण्यासाठी गल्लोगल्ली वास हुंगत फिरणारी माणसे नेमली होती.

रेवती_ब:

कॉफीचा उलगडा पटला, पण शांपूचा त्याने होत नाही. जर्मनीत त्यावर १९ टक्के व्हॅट आहे आणि लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, म्हणजे कराच्या हिशेबाने तो जर्मनीत किंचित महाग असायला हवा. तो स्वस्त आहे याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. मी ब्रसेल्समध्ये राहते आणि येथे हा विषय घरोघरी निघतो.

मोठ्या उत्पादक कंपन्यांनी युरोपची वाटणी देशनिहाय करून ठेवलेली असते. बेल्जियमच्या दुकानदाराने जर्मनीतल्या घाऊक भावाने माल मागितला तर त्याला सांगितले जाते की तुमच्या देशासाठी आमचे अमुक कार्यालय आहे, तेथेच मागणी नोंदवा. तेथला भाव चढा असतो. जर्मनीत स्वस्त विकणाऱ्या साखळी दुकानांची स्पर्धा तीव्र आहे, लोक पैशा-पैशाचा हिशेब करतात, आणि तेथील खरेदीदार साखळ्या इतक्या मोठ्या आहेत की उत्पादकाला त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागते. छोट्या देशातल्या दुकानदाराला तसे करता येत नाही. चलन एक झाले तरी घासाघीस करण्याची ताकद एक होत नाही.

हे नुसते कुजबुजीचे प्रकरण नाही. युरोपीय आयोगाने मे २०१९ मध्ये ‘एबी इनबेव’ या बिअर कंपनीला २० कोटी युरोंहून अधिक दंड केला. कंपनीची ‘जुपिलर’ ही बिअर नेदरलँड्समध्ये बेल्जियमपेक्षा स्वस्त विकली जात होती आणि ती स्वस्त बिअर बेल्जियममध्ये परत येऊ नये अशी व्यवस्था कंपनीने केली होती. त्यातली एक युक्ती मला फार बोलकी वाटते. नेदरलँड्सला जाणाऱ्या काही मालाच्या वेष्टनावरून फ्रेंच भाषेतला सक्तीचा मजकूर काढून टाकण्यात आला, म्हणजे तो माल बेल्जियममध्ये विकणे अवघड व्हावे. आत तीच बिअर, किंमत त्याच युरोत, आणि सीमा उभी राहिली ती डब्यावरच्या चार ओळींनी. मे २०२४ मध्ये ‘माँडेलीझ’ला चॉकलेट, बिस्किटे आणि कॉफी यांच्या सीमापार विक्रीत अडथळे आणल्याबद्दल ३३.७५ कोटी युरो दंड झाला.

युरोच्या आधीचे उदाहरण हवे असेल तर जानेवारी १९९८ मध्ये ‘फोक्सवागन’ला १०.२ कोटी एक्यू इतका दंड झाला होता. (एक्यू हे युरोच्या आधीचे हिशेबी चलन.) इटलीत गाड्या स्वस्त होत्या आणि जर्मन व ऑस्ट्रियन गिऱ्हाईक तेथे जाऊन घेऊ लागले होते, त्यांना गाडी विकू नये म्हणून इटलीतल्या विक्रेत्यांवर दबाव आणला गेला, असा ठपका होता. पुढे न्यायालयात दंडाची रक्कम थोडी कमी झाली.

मोझेलकाठ, तुम्ही एक करून पाहा. पुढच्या वेळी एकाच शांपूच्या दोन बाजूंच्या दोन बाटल्या घ्या आणि मागचा मजकूर कोणत्या भाषांत आहे ते वाचा.

दिगंत:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, मात्र ते वाचून युरोने किमतींवर काहीच परिणाम केला नाही असा समज होण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात उत्तर जरा विचित्र आहे: काही मालावर परिणाम जवळजवळ शून्य, आणि काही मालावर संपूर्ण व तात्काळ.

आधी शून्याकडची बाजू. चार्ल्स एंगेल आणि जॉन रॉजर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली युरोपीय शहरांतील किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की शहराशहरांतला भावांचा फरक १९९० च्या दशकात चांगलाच कमी झाला, परंतु जानेवारी १९९९ नंतर, म्हणजे युरो आल्यावर, तो आणखी कमी होण्याचा कल दिसत नाही. मोठे काम आधीच झाले होते, आणि ते १९९२ अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या सामाईक बाजारपेठेने, सीमेवरची कागदपत्रे व तपासण्या रद्द करण्याने आणि परस्परांच्या जवळ आणलेल्या करांनी केले, असे मला त्यावरून वाटते. युरोकडे श्रेय जाते ते तो शेवटी आला आणि खिशात दिसला म्हणून.

आता दुसरी बाजू. लाटव्हियाने १ जानेवारी २०१४ रोजी आपले ‘लॅट्स’ हे चलन सोडून युरो स्वीकारला. अल्बेर्तो काव्हालो, ब्रेंट नीमन आणि रोबेर्तो रिगोबोन या तिघांनी ‘झारा’ या कपड्यांच्या साखळीच्या संकेतस्थळावरील भाव या बदलाच्या आधी आणि नंतर नोंदवून ठेवले होते. आधी लाटव्हिया आणि जर्मनी येथे जवळजवळ एकसारखा भाव असलेले कपडे होते अवघे ६ टक्के. नंतर ते ८९ टक्के झाले. आणि हे काही वर्षांत हळूहळू घडले नाही, चलन बदलताच अल्पावधीत घडले.

यातली खरी गंमत अशी की लॅट्स २००५ पासूनच युरोशी जखडलेला होता आणि त्याला जेमतेम एक टक्का इकडे-तिकडे हलण्याची मुभा होती. म्हणजे विनिमय दराची जोखीम आधीही नव्हतीच. तुमच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले तर १ जानेवारीला काहीच बदलायला नको होते. बदलले ते एवढेच की लाटव्हियाची राजधानी रीगा आणि बर्लिन येथील किमतीच्या चिठ्ठीवर आता एकाच एककातला आकडा छापायचा होता. एकाच सदऱ्याला येथे ३० आणि तेथे ३३ असे दोन आकडे गिऱ्हाइकाला मोबाइलवर शेजारी-शेजारी दिसले तर तो विचारणारच की आम्ही काय घोडे मारले. आकडे लॅट्समध्ये असताना तेवढाच फरक कोणाच्या नजरेत भरत नव्हता. त्याच तिघांच्या आणखी एका अभ्यासात ‘ॲपल’, ‘आयकिया’, ‘एच अँड एम’ आणि ‘झारा’ यांच्या मालाचे भाव युरो क्षेत्राच्या आत बहुतांशी समान, आणि चलन वेगळे असलेल्या देशांत, ते चलन युरोला बांधलेले असले तरीही, वेगळे असल्याचे दिसले.

म्हणून माझे मत असे की समान चलन व्यापाऱ्याच्या हिशेबापेक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर जास्त काम करते, आणि त्यामुळे ते तेथेच चालते जेथे एक कंपनी सगळ्या देशांसाठी स्वतः भाव ठरवते व स्वतःच विकते. जेथे मध्ये वितरक, दुकानदार आणि देशनिहाय करार आले, तेथे ते फिके पडते. शांपू विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला तोंड दाखवत नाही; दुकानदार दाखवतो.

बल्गेरियाचे उदाहरणही येथे जोडतो. जर्मन मार्कचा युरोतला कायमचा दर १.९५५८३ होता, आणि बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ रोजी युरो घेतला तेव्हा त्यांच्या ‘लेव्ह’चा दरही १.९५५८३ च होता. हा योगायोग नाही. १९९७ पासून लेव्ह मार्कला बांधलेला होता, मग मार्कच्या मागोमाग तो आपोआप युरोला बांधला गेला. पाव शतकाहून अधिक काळ दर हलला नाही, तरी बल्गेरियातली सर्वसाधारण किंमत-पातळी अलीकडच्या वर्षांतही युरोपीय संघाच्या सरासरीच्या ६० टक्क्यांच्या आसपासच होती.

सावंतवाडीकर:

आपण सर्व परदेशातले बोलत आहात, पण आमच्याकडे महाराष्ट्र-गोवा सीमेवर रुपया एकच असताना बांद्याच्या अलीकडे आणि पत्रादेवीच्या पलीकडे दारूचा भाव वेगळा असतो, याची आठवण करून देतो. कारण जुना_हिशेबनीस यांनी सांगितले तेच आहे: १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला खरा, पण पिण्याची दारू आणि पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिले व त्यांवरचा कर प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने लावते. फरक एवढाच की तुम्ही १० किलो कॉफी उजळ माथ्याने आणता, आणि येथे गोव्याची बाटली घेऊन येणाऱ्याची गाडी नाक्यावर उघडून पाहतात.

झाराच्या सदऱ्याला आपल्याकडचा जुळा भाऊ म्हणजे छापील किंमत. साबणाच्या वडीवर कंपनीनेच सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असल्यामुळे तीच वडी सावंतवाडीत आणि नागपुरात साधारण एकाच भावाला मिळते. कांद्याच्या पोत्यावर मात्र कोणी काही छापत नाही, आणि म्हणून लासलगावच्या लिलावातला भाव व दिल्लीच्या भाजीवाल्याचा भाव यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते.

मोझेलकाठ:

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारतो. येथील जुनी मंडळी सांगतात की २००२ मध्ये सगळे महाग झाले. त्यासाठी ‘टॉयरो’ असा शब्दही निघाला, म्हणजे ‘टॉयर’ अर्थात महाग, अधिक युरो. यात कितपत तथ्य आहे? आणि कर, वितरक वगैरे सर्व वगळूनही आयर्लंड-लक्झेंबर्ग महाग आणि बल्गेरिया स्वस्त हे कायम राहणारच का?

जुना_हिशेबनीस:

‘टॉयरो’ हा शब्द २००२ साली जर्मनीत वर्षाचा शब्द ठरला होता, इतका तो लोकांच्या तोंडी होता. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने चलनबदलाचा त्या वर्षीच्या महागाईवरचा परिणाम साधारण ०.१ ते ०.३ टक्क्यांपुरताच धरला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. फ्रिज किंवा भाडे वाढले नाही; वाढले ते कॉफीचा कप, केस कापणे, उपाहारगृहातले जेवण, म्हणजे ज्यासाठी आपण दर आठवड्याला खिशातून नाणी काढतो ते. समजा, क्रोएशियात कॉफीचा कप १० कुना होता. १ युरोला ७.५३४५ कुना या दराने तो १.३३ युरो होतो. कोणता हॉटेलवाला १.३३ अशी पाटी लावेल? तो १.४० तरी करतो किंवा १.५० तरी. म्हणूनच क्रोएशियाने जानेवारी २०२३ मध्ये युरो घेण्याच्या चार महिने आधीपासून दोन्ही चलनांतल्या किमती लावण्याची सक्ती केली होती आणि ती २०२३ अखेरपर्यंत चालू ठेवली.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. केस कापण्याची सेवा ट्रकमध्ये भरून बल्गेरियाच्या राजधानीतून, सोफियाहून, लक्झेंबर्गला नेता येत नाही. लक्झेंबर्गमधल्या बँका भरपूर पगार देतात, म्हणून तेथील न्हाव्यालाही त्याच्या जवळपास जाणारी कमाई मिळाल्याशिवाय तो न्हावी राहणार नाही, मग त्याची कात्री सोफियातल्या न्हाव्यापेक्षा वेगाने चालत नसली तरी. १९६४ मध्ये बेला बलाशा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलेला विचार हाच. लक्झेंबर्गमधले किमान वेतन महिन्याला २,६०० युरोंहून अधिक आहे, बल्गेरियातले २०२६ च्या आरंभी ६२० युरोंच्या आसपास. ते एकाच चलनात मोजले जाऊ लागल्याने जवळ येत नाही, फक्त तुलना सोपी होते. आणि शांपूच्या किमतीतही दुकानाचे भाडे व विक्रेत्याचा पगार असतोच, त्यामुळे ‘मालाची’ किंमतसुद्धा बऱ्याच अंशी सेवेची किंमत असते.

रेवती_ब:

यात एक कटू भाग राहून गेला. वेगळे चलन असताना एखादा देश शेजाऱ्यांच्या मानाने महाग झाला की त्याचे चलन घसरते आणि शेजाऱ्यांच्या चलनात मोजलेल्या त्याच्या सगळ्या किमती एका रात्रीत खाली येतात. समान चलनात ती वाट बंद होते. मग फरक मिटवायचा तर किमती आणि पगार यांनाच हलावे लागते, आणि त्यांना वर जायला आवडते, खाली यायला आवडत नाही.

२००८ पूर्वी ग्रीस, स्पेन, आयर्लंड येथे महागाई जर्मनीपेक्षा सातत्याने जास्त होती. व्याजदर फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेत सर्वांसाठी एकच ठरत होता, त्यामुळे जेथे महागाई जास्त तेथे कर्ज प्रत्यक्षात अधिकच स्वस्त पडत गेले, घरांच्या किमती फुगल्या आणि महागाईला आणखी इंधन मिळाले. कागदावर पाहिले तर या काळात गरीब देशांच्या किमती श्रीमंत देशांच्या ‘जवळ’ येत होत्या, आणि काही जण त्याला युरोचे यश म्हणत होते. नंतर बिल आले तेव्हा ग्रीसने फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापले, महिन्याला ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर आणले. दुकानातल्या किमती मात्र त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. पगार खाली आला आणि दुधाचा भाव तसाच राहिला, असे त्या कुटुंबांनी ते अनुभवले.

उलट्या दिशेचे ताजे उदाहरणही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये एस्टोनियातली वार्षिक महागाई २५ टक्क्यांवर होती आणि फ्रान्समधली ७ टक्क्यांच्या आत, दोघांचे चलन एकच असताना. वीज आणि वायूचे भाव एस्टोनियात जवळजवळ थेट घरच्या बिलावर येऊन आदळले, तर फ्रान्समध्ये सरकारने ते आधीच अडवून धरले होते.

मोझेलकाठ:

रेवतीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे शनिवारी एकाच शांपूच्या दोन बाटल्या आणल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. रंग तोच, आकार तोच, झाकण तेच. ट्रियरच्या बाटलीमागे मजकूर केवळ जर्मनमध्ये आहे. वासरबिलिगच्या बाटलीमागे तो फ्रेंच आणि डचमध्ये आहे, जर्मनचा एक शब्दही नाही, आणि तळाशी वितरकाचा पत्ता बेल्जियमचा आहे. म्हणजे आमच्या घरापासून वीस मिनिटांवरचे दुकान आपला शांपू बेल्जियमच्या वाटेने मागवते. सौभाग्यवतींनी विचारले की दोन बाटल्या कशाला आणल्यात. त्यांना हा धागा वाचायला दिला आहे.